बारावीच्या आत

बँकेचं ॲप उघडलं की सगळ्यात वर कर्जाची बाकी दिसते. माझी बायको मंजुषा गेल्यापासून मी ते दिवसातून कितीदा उघडतो याला काही हिशेब नाही. गोदामात ट्रक खाली होत असताना उघडतो, टपरीवर चहा येईपर्यंत उघडतो, नांदेडच्या खोलीत कुकरची शिट्टी होईपर्यंत उघडतो. बाकी काही तासातासाला बदलत नाही, हे मला कळतं. तरी बघतो. मध्येच कुठून जादा पैसे आले आणि कर्जात भरले की आकडा खाली येतो, आणि मग अर्धा दिवस बरं वाटतं. संध्याकाळी पुन्हा तेच. बसलो तर उठावंसं वाटतं, उठलो तर कुठे जायचं ते सुचत नाही.

मी नांदेडला एका बियाणे कंपनीच्या गोदामावर सुपरवायझर आहे. घर लातूरला, औसा रोडच्या आतल्या अंगाला. घरी मुलगी अंजू आणि माझी आई कमलम्मा, अंजूची अव्वा. शनिवारी दुपारची एसटी धरायची, अहमदपूरवरून लातूर गाठायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. मंजुषा होती तेव्हाही असंच होतं. तेव्हा शनिवारची वाट बघायचो. आता शनिवार आला की जावंसं वाटत नाही, आणि सोमवारी घर सोडवत नाही.

घर घेतलं तेव्हा अंजू चौथीत होती. कर्ज वीस वर्षांचं. चावी हातात आली त्या दिवशी मंजुषा म्हणाली, "घरभरणी आत्ता नको."

आमच्यात घरभरणी ही छोटी गोष्ट नाही. मठाच्या स्वामींना बोलवायचं, त्यांची पादपूजा करायची, नवराबायकोने कळस घेऊन उंबरा ओलांडायचा, बायकोच्या माहेरून आहेर येतो, सगळे पाहुणे जेवून जातात. ती म्हणाली, "घर बँकेचं हाय. बँकेच्या घराची घरभरणी आपण कशाला करायची? बेबाकी होऊ द्या, सगळं कर्ज फिटू द्या. अंजूच्या बारावीच्या आत करू." मलाही पटलं. आम्ही नुसतं दूध उतू घातलं आणि राहायला गेलो. दारावर नावाची पाटीसुद्धा लावली नाही.

बारावीच्या आत हे तिने उगीच म्हटलं नव्हतं. माझ्या पगारातून हप्ता, घरखर्च आणि पेन्शनच्या खात्यात थोडे पैसे. तिच्या कमाईतून जादा हप्ता. ही वाटणी तिनेच घातली होती. लातूर म्हणजे क्लासचं गाव. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातून पोरी इथे डॉक्टर व्हायला येतात आणि हॉस्टेलच्या जेवणाला वैतागतात. मंजुषा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करून त्यांना विकायची. ती भाकरी पापडासारखी वाळलेली असते, खूप दिवस टिकते. पोरी अभ्यास करता करता चटणीबरोबर मोडून खायच्या. सुट्टीत न्यायला आलेले आईबापसुद्धा बांधून न्यायचे. त्या पैशातून दरवर्षी बरीच मोठी रक्कम कर्जात जायची.

पेन्शनच्या पैशाला मात्र ती हात लावू द्यायची नाही. मी एकदा म्हटलं होतं, तेही कर्जात टाकू, लवकर सुटू. ती म्हणाली, "आणि म्हातारपणी भाकऱ्या कोण थापणार, तुम्ही?"

मागच्या वर्षी श्रावणाच्या तोंडावर एका सकाळी तिने फोनवर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी नांदेडला होतो. म्हटलं, गोळी घे आणि पड जरा. मी लातूरला पोचलो तेव्हा ती दवाखान्यात होती आणि बोलत नव्हती. मेंदूतली शीर फुटली होती. डॉक्टरांनी करायचं ते केलं. औशाला भावाच्या शेतात तिला माती दिली.

भाकऱ्या बंद झाल्या, म्हणजे जादा हप्ता बंद झाला. पहिल्यांदा हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं तेव्हा मात्र मला राहवेना. तिने सांगितलेली एवढीच एक गोष्ट करायची राहिली होती आणि ती माझ्या हातात होती. मी पेन्शनच्या खात्यात पैसे टाकायचे थांबवले आणि ते कर्जाकडे वळवले. दूध कमी केलं. अंजूला अकरावीत स्कूटी घ्यायची ठरली होती, ती पुढे ढकलली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी म्हटलं बेबाकीनंतर करू.

"बेबाकीपर्यंत मी राहिले तर," आई म्हणाली. हसत म्हणाली म्हणून मीही हसलो.

तरी हिशेब बसत नव्हता. अंजू अकरावी संपवत आली होती. नुसत्या काटकसरीने बारावीच्या आत होणार नव्हतं.

मार्चमध्ये एका लग्नात संगमेश भेटला. हा रेणापूरचा, आमचा दूरचा पाहुणा. लातुरात पोरींची तीन हॉस्टेलं चालवतो. पंगतीत माझ्या शेजारी बसला आणि जेवता जेवता घराची चौकशी करायला लागला.

"खोल्या किती हायत तुझ्याकडं?"

"तीन. आणि हॉल."

"गच्ची?"

"हाय की."

"म्हणजे बारा पोरी बसतात." त्याने शेवटचा घास खाल्ला. "जूनपासून दे मला. तीन वर्षांचा करार करू. पाच लाख अनामत, बिनव्याजी, आणि वर महिन्याला भाडं. तू तर नांदेडला असतोस. म्हातारी आणि पोरगी एवढ्या मोठ्या घरात करून काय राहिल्या?"

मला त्याचा रागही आला आणि मोहही पडला. रात्रभर मी आकडे मांडत होतो. बाकी नऊ लाखांच्या वर होती. पाच लाख अनामत. उरलेले माझ्या पीएफमधून. घरकर्ज फेडायला पीएफ काढता येतो, हे कंपनीतल्या एकाने केलं होतं, मला माहीत होतं. आई आणि अंजूला नांदेडला न्यायचं. दोन खोल्या घ्यायच्या. मलाही जाणंयेणं नको. तीन वर्षांनी अनामत परत द्यायची ती येणाऱ्या भाड्यातून साठवायची. कुठूनही बघितलं तरी हिशेब बसत होता. मेमध्ये बेबाकी, मेमध्येच घरभरणी, एक जूनला संगमेशला ताबा. बारावी सुरू व्हायच्या आत.

मी संगमेशकडून पंचवीस हजार बयाणा घेतला आणि मगच घरी सांगितलं.

जेवायला बसलो होतो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अख्खा मराठवाडा पोरं शिकायला लातूरला धाडतोय, आणि तू लातूरची पोर उचलून नांदेडला नेणार."

"नांदेडला कॉलेजं न्हाईत का, आई? अंजू कॉमर्सला हाय. तिला कुठला क्लास लागतो?"

"मैत्रिणी लागत्यात की."

"नव्या होतील."

"तुझ्या झाल्या का रे नांदेडात? इतकी वर्षं झाली. शेजाऱ्याचं नाव सांग बघू."

मला शेजाऱ्याचं नाव खरंच माहीत नव्हतं. मी अंजूकडे बघितलं. ती ताटातली चटणी भाकरीला लावत होती.

"तुझं काय म्हणणं हाय?" मी विचारलं.

"बरं," ती म्हणाली.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे बरं. तुम्ही बयाणा घेतलाय ना?"

तिने ताट उचललं आणि आत गेली. भांडणाची तयारी करून मी आलो होतो. भांडण झालंच नाही, त्यामुळे जास्त बेचैन झालो. बाहेर पडून गंजगोलाईपर्यंत चालत गेलो आणि काही न घेता परत आलो.

पुढच्या आठवड्यात नांदेडला बसून पीएफचा अर्ज भरला. एका कॉलेजात जाऊन अंजूच्या प्रवेशाचं विचारून आलो. निलंग्याला सासऱ्यांना फोन केला आणि घरभरणीची तारीख सांगितली. ते म्हणाले, "रविवारी येतो. समोर बसून बोलू."

माझे सासरे गुरुपादप्पा. निलंग्याला त्यांचं भुसाराचं दुकान होतं, आता मेहुणा बघतो. रविवारी ते सकाळच्या एसटीने आले. हातात आहेराची मोठी पिशवी होती. मंजुषासाठी साडी, माझ्यासाठी कापड आणि पितळी समई, असा आहेर त्यांनी घर घेतलं त्याच वर्षी घेऊन ठेवला होता, हे मला माहीत होतं. साडीचं आता काय करणार, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

"तारीख चांगली काढलीत," ते चहा घेत म्हणाले. "स्वामींना सांगितलं?"

"सांगितलं, मामा."

"पाटावर कोण बसणार?"

"औशाचा भाऊ आणि वहिनी."

"बरं केलं. आणि मग?"

"मग एक तारखेला संगमेशला ताबा द्यायचा."

त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे घर भरायचं आणि आठ दिवसांत रिकामं करायचं?"

मी माझा कप उचलला.

"न्हाई, मला नीट सांगा, उमाशंकरराव. मी निलंग्याहून पाहुणे घेऊन येणार. घरभरणीचं जेवून, तोंडभर आशीर्वाद देऊन ते जाणार. आणि त्यांची एसटी निलंग्याला पोचंपोतर तुम्ही सामान बांधणार. मग ही घरभरणी कुणाची? संगमेशच्या हॉस्टेलाची? आहेर कुणाला करू मी, बारा पोरींना?"

आईने तोंडाला पदर लावला. तिला हसू आवरत नव्हतं. मला खरं तर हे आधी सुचायला पाहिजे होतं. इतके दिवस मी आकडे आणि तारखा जुळवत होतो, पण घरभरणी आणि घर सोडणं या दोन गोष्टी मी कधी शेजारी ठेवून बघितल्याच नव्हत्या.

"मंजुषाची इच्छा होती, मामा," मी म्हटलं.

"माझी पोर होती ती. मला पण ठावं हाय तिची इच्छा."

"बेबाकी झाल्याबिगर घरभरणी नको, असं तीच म्हणायची."

"म्हणायची. मी तिला तेव्हाच बोललो होतो, ऐकलं न्हाई." ते पुढे सरकून बसले. "मी जन्मभर दुकान केलं. एक दिवस असा न्हाई की माझं कुणाचं देणं नव्हतं. देणं हाय म्हणून तर अडत्या आपल्या दारात गाडी उभी करतो. ज्याचं कुणाचंच देणं न्हाई, तो एक तर सावकार, न्हाई तर मेलेला माणूस."

बोलून गेले आणि खाली ठेवलेला कप पुन्हा उचलला. आई उठून आत गेली. मग तेच हळू आवाजात म्हणाले, "आणि अनामत म्हणजे तरी काय? कर्जच की. बँक आपली महिन्याला थोडं थोडं मागते. संगमेश तीन वर्षांनी एकदम मागंल. वर तुम्ही पीएफ मोडणार. मग साठीला काय खाणार?"

मला राग आला. "तुम्हाला कुठं पेन्शन हाय, मामा? आईला कुठं हाय? चाललंच की."

"मला दुकान होतं. दुकानामागं पोरगा हाय. तुमच्या आईला तुम्ही हाव. तुम्हाला कोण हाय?"

"अंजू हाय की."

आई दारातच उभी होती. म्हणाली, "तिला आत्ताच कामाला लावलास का?"

अंजू तिच्यामागे होती. हातात चहाची दुसरी फेरी घेऊन आली होती. तिने आजोबांपुढे कप ठेवला, माझ्यापुढे ठेवला आणि आत गेली. सासरे दुपारी जेवून निघाले. पिशवी परत घेऊन गेले. म्हणाले, "ही माझ्याकडंच राहू द्या. माणसं घरात राहायची ठरली की कळवा."

मी त्यांना स्टँडवर सोडलं आणि घरी न जाता तिथेच बाकड्यावर बसून राहिलो. औसा, उमरगा, सोलापूर, गाड्या लागत होत्या आणि सुटत होत्या. मोबाइल काढून बाकी बघितली. मनात म्हटलं, ह्यांना काय कळतंय. ह्यांची फक्त लेक गेली. मग हा विचार मनात आल्याचीच लाज वाटली. पण माघार घ्यावी असं काही वाटलं नाही. उलट वाटलं, लवकर उरकावं, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी संगमेश मिस्त्रीला घेऊन माप घ्यायला आला. मिस्त्री बसवंत म्हणून होता, त्याच्या सगळ्या हॉस्टेलांचं काम तोच करायचा. दोघे खोल्याखोल्यांत फिरत होते. कॉट कशा लागतील, प्लायचं पार्टिशन कुठे येईल, कपाट किती फुटांचं. मी मागे मागे होतो. आई बाहेर पोर्चमध्ये शेंगा फोडत बसली होती, आत आलीच नाही.

"हे स्वयंपाकघर," संगमेश म्हणाला. "हा ओटा काढायचा. मेस बाहेरची हाय आपली. इथं चार कॉट बसतात, दोन खाली, दोन वर."

अंजू खिडकीपाशी उभी होती. म्हणाली, "ओट्याखालून पाण्याचा पाइप गेलाय, काका. ओटा काढला तर फरशी पण काढावी लागंल."

"बघ, पोरगी हुशार हाय," संगमेश मला म्हणाला. मिस्त्रीने टेप लावून भिंत मोजली.

"काका, एका कॉटचं काय घेता तुम्ही?" अंजूने विचारलं.

"दोघींच्या खोलीत साडेसहा. चौघींच्यात पाच. मेसचं वेगळं. का गं, मैत्रीण हाय का कुणी?"

"मला पाहिजे."

"तुला?"

"माझी बारावी हाय. कॉलेज बदलायचं न्हाई मला. पप्पा आणि अव्वा जातील नांदेडला. मला चौघींच्यातली चालंल. ही, खिडकीजवळची. खालची."

संगमेशने माझ्याकडे बघितलं. मी अंजूकडे बघत होतो. ती चिडलेली नव्हती, रडवेलीही नव्हती. बाजारात भाव विचारावा तसं विचारत होती. संगमेशलाही ते कळलं असावं, कारण तो लगेच धंद्यावर आला.

"घरचीच पोर हायस. पाचशे कमी करू. पण नियम सगळ्यांना सारखे बघ. साडेआठला गेट बंद. मोबाइल आठवडाभर वॉर्डनकडं. भेटायचं असंल तर रविवारी, पाच ते सात."

"पप्पा आले तर?"

"हां, त्यांनी पण रविवारीच यायचं. पाच ते सात, पोर्चमध्ये."

"आत न्हाई?"

"न्हाई बाई. पुरुषमाणसाला आत सोडत न्हाई आपण, बाप असला तरी. लोकांनी आपल्या पोरी विश्वासानं ठेवलेल्या असतात."

तो काही चुकीचं बोलत नव्हता. हॉस्टेल नीट चालवतो म्हणूनच त्याचं नाव आहे. अंजूने मान हलवली. "मेसचं किती?"

"तीन हजार."

ती मनात बेरीज करत होती. मीही करत होतो. अंजूची कॉट आणि तिची मेस मिळून जे होत होतं ते मंजुषाच्या महिन्याच्या जादा हप्त्याएवढंच येत होतं. तिने मेहनत करून जे वाचवलं ते देऊन मी तिच्याच लेकीला तिच्याच स्वयंपाकघरात भाड्याने ठेवणार होतो, आणि रविवारी पोर्चमध्ये खुर्ची टाकून तिची वाट बघणार होतो. पाच ते सात.

"मिस्त्री," मी म्हटलं, "टेप गुंडाळा."

"झालंच, ही एक भिंत राहिली," बसवंत म्हणाला.

"राहू द्या. द्यायचं न्हाई घर."

संगमेश आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला. "उमाशंकर, बयाणा घेतलायस तू."

"परत देतो."

"परत देतो कसं? मी इथल्या भरवशावर दुसरं घर सोडलं. जूनला पोरी येणार. बयाणा फिरवला की दुप्पट द्यायचा असतो, हे तुला मी सांगायचं का?"

"दुप्पट देतो."

"पोरीनं एक कॉट मागितली म्हणून?"

"हाव."

"अरे फुकट दिली असती की तिला," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. पोर्चमधून जाताना आई त्याला म्हणाली, "बस की, शेंगा खा." तो बसला नाही. गेटपाशी मिस्त्रीला काहीतरी बोलला, त्यातला "बायको गेल्यापासून" एवढा तुकडा मला ऐकू आला.

मी आत आलो. अंजू गॅस पेटवून चहाचं आधण ठेवत होती.

"टोमणा मारायला विचारलं न्हाई मी," ती म्हणाली. "मला खरंच पाहिजे होती कॉट."

"कळलं मला."

"नांदेडला मी आले असते, पप्पा. पण तिथं येऊन तुम्ही काय करणार होता? हितं आलात तरी तुम्ही त्या मोबाइलमध्येच असता."

मी खाली फरशीवर बसलो. म्हटलं, "आता बारावीच्या आत होणार न्हाई."

"न होऊ दे."

"तुझी आई म्हणायची ना."

"आई लई काय काय म्हणायची. स्कूटीचं म्हणायची. अव्वाच्या गुडघ्याचं म्हणायची. तुमच्या पेन्शनचं तर रोज म्हणायची. तुम्हाला एवढं एकच ऐकू आलं." तिने साखर टाकली. "आई असती तर तिनं संगमेशकाकाला गेटच्या आत घेतलं नसतं."

ते खरं होतं. मला त्या वेळी रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आलं नाही. अंजूने चहा दिला आणि समोर बसून तिच्या कॉलेजातल्या एका सरांची गंमत सांगितली. मला ती नीट कळली नाही, तरी मी ऐकली.

दोन दिवसांनी पीएफचे पैसे खात्यात आले. मी विसरूनच गेलो होतो. पीएफातून निघालेला पैसा परत पीएफात जात नाही, हे कंपनीतल्या माणसाने मला सांगितलं, आणि वर म्हणाला, "भरून टाका ना कर्जात, त्यासाठीच काढला तुम्ही." माझा अंगठा तयारच होता. चार-पाच लाखांनी आकडा एकदम खाली आला असता. मला वाटतं निदान आठवडाभर मला झोप लागली असती. मी मोबाइल शर्टाच्या खिशात घातला आणि ट्रक मोजायला गेलो. परत आलो, पुन्हा काढला. असं दिवसभर चाललं.

शेवटी संगमेशचा बयाणा दुप्पट करून दिला. आईच्या गुडघ्यासाठी बाजूला काढले. मेहुण्याच्या ओळखीने एक जुनी स्कूटी मिळाली, तिचे दिले. बाकीचे सगळे पेन्शनच्या खात्यात टाकले, कारण तिथून मला ते साठीपर्यंत सहजासहजी काढता येणार नाहीत. सासऱ्यांना फोन करून घरभरणी पुढे ढकलल्याचं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "बरं." नातीसारखंच.

हप्ता चालू आहे. आता कर्ज बँकेच्या वेळेनेच फिटणार, म्हणजे माझी नोकरी संपायच्या जरा आधी. महिन्याला थोडे जादा पैसे उरतात. पहिल्या महिन्यात ते मी सवयीने भरायला निघालो होतो. सोमवारी पहाटे निघताना अंजू दारात आली आणि म्हणाली, "बुधवारी पण येत जा."

"आठवड्यात मध्येच? लांब पडतं, बाई. भाडं पण लागतं."

"जादा हप्त्यातून काढा."

बुधवारी गोदामातला माल दुपारीच संपतो. मालकांना विचारून मी तीनची एसटी धरली. चाकूरच्या पुढे गाडी बंद पडली, दुसरी येईपर्यंत रस्त्यावर उभा राहिलो. घरी पोचलो तर आई टीव्ही बघत होती.

"आज बुधवार हाय की," ती म्हणाली.

"हाव."

"अंजू मैत्रिणीकडं गेलीय. येईल."

मी हातपाय धुतले. चहा घेतला. स्वयंपाकघरात जाऊन आलो. खोलीत जाऊन आलो. मंजुषाचं कपाट उघडलं आणि लावलं. एवढ्या लांब येऊन पोरगी घरात नाही, म्हणून मनात चरफडलो. खिशातला मोबाइल काढला, ॲप उघडलं. आकडा होता तोच होता. आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "बस की जरा. उभा काय राहून राहिलास."

मी बसलो. मालिकेत कोणीतरी कोणाला घराबाहेर काढत होतं. आई मला ती कोण कुणाची सून ते सांगायला लागली.

बाहेर स्कूटी थांबली. अंजू आत आली, मला बघून हसली आणि लगेच कामाला लागली. "आलात का? बरं झालं. टाकीचा बॉल अडकलाय. उद्या सकाळी पाणी सुटणार हाय, सगळं वाहून जाईल. मी प्रयत्न केला, मला बसंना."

पाना घेऊन गच्चीवर गेलो. ती मोबाइलचा उजेड धरून उभी राहिली. बॉल फिरवून बघितला. दांडा गंजून पार खलास झाला होता, हातातच आला.

"नवाच आणावा लागंल," मी म्हटलं. "शनिवारी आणतो."

"पाणी उद्या हाय, पप्पा. शनिवारी न्हाई."

कोपऱ्यावरचं हार्डवेअरचं दुकान अजून उघडं होतं. मी खाली उतरलो आणि चप्पल घातली.